खालचं घर, वरचं घर

बस डेपोत तिला सगळे दाभण म्हणायचे. फाटलेल्या सीटा शिवायचं तिचं काम, त्यामुळे हे नाव पडलं असेल असं नव्या माणसाला वाटायचं. जुनी माणसं सांगायची, कामामुळे नाही, तोंडामुळे पडलं. रेक्झिनच्या दोन थरांतून आरपार जाणारी ती जाड सुई आणि तिचं बोलणं, दोन्ही सारखंच टोचायचं. तिला स्वतःला नावाचं काही वाटत नसे. "सुईपेक्षा दाभण बरं," ती म्हणायची, "निदान हरवत तरी नाही."

वय बावन्न. बारीक चण, चालणं घाईचं, बोटांच्या टोकांना मेणदोऱ्याचे घट्टे. काम बसून करायचं, पण बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. एक सीट झाली की उठायची, रिकाम्या बसमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्कर मारायची आणि मगच दुसरीला हात लावायची. गाडी उभी, बाई चालू, असं डेपोतले मेकॅनिक म्हणायचे.

हे चालणं तिच्यात लहानपणीच भिनलं होतं. तिचा बाप रोडरोलर चालवायचा. जिथे रस्ता तिथे काम आणि जिथे काम तिथे बिऱ्हाड. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं यांचं बिऱ्हाड रोलरच्या मागे. सोळा वर्षांची होईपर्यंत तिनं अकरा घरं पाहिली. आई एका पेटीतलं सामान कधी बाहेरच काढत नसे. "काढायचं आणि परत भरायचं, सांगितलंय कुणी?" म्हणायची. शाळेत नवी मैत्रीण झाली, की दाभण आधी मनातल्या मनात हिशेब करायची, रस्ता अजून किती उरलाय.

लग्न होऊन ती ज्या घरात आली ते गृहनिर्माण मंडळाचं भाड्याचं घर होतं. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण. भाडेपावती सासूच्या नावावर. या घरात ती पंचवीस वर्षं राहिली. सासूच्या शेवटच्या सात वर्षांत तिचे पाय गेले होते. तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर मंडळानं माणसं पाठवली. व्हीलचेअर जाईल एवढी दारं रुंद केली, पायरी काढून उतार केला, न्हाणीघरात, संडासात आणि पलंगापाशी धरायला स्टीलच्या सहा दांड्या ठोकल्या. दोन वर्षांपूर्वी सासू गेली. भाडेपावती मुलाच्या, म्हणजे दाभणच्या नवऱ्याच्या नावावर झाली.

नवरा रस्ते धुणाऱ्या टँकरवर ड्रायव्हर होता. ती गाडी ताशी आठ किलोमीटरच्या वर जात नाही आणि तोही जात नसे. घाई म्हणून काही असतं हे त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

मंडळाचं पत्र आलं तेव्हा दाभण नुकतीच कामावरून आली होती. पायांत चपला तशाच ठेवून तिनं ते दारात उभ्यानं वाचलं. दहा वर्षांहून अधिक काळ सलग राहिलेल्या भाडेकरूंना राहतं घर विकत घेता येईल. जितकी जास्त वर्षं, तितकी किमतीत सवलत. भाडं थकलेलं नको. घेतल्यावर पाच वर्षं विकायचं नाही. तिनं ते पुन्हा वाचलं, घडी केली, घडी उघडून परत वाचलं.

"अहो, वाचलंत का?"

"सकाळीच वाचलं."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोलायचं काय? भाडं भरतोय, छप्पर आहे. नळ गळला तर मंडळाचा माणूस येतो. सुखातला जीव दुःखात कशाला घालायचा?"

"छप्पर कुणाचं आहे?"

"डोक्यावर आहे ना? मग आपलंच."

"डोक्यावर तर टोपीही असते," दाभण म्हणाली. "वारा आला की जाते."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. हिनं एकदा दोरा ओवला की गाठ मारल्याशिवाय ही थांबत नाही, हे त्याला पंचवीस वर्षांत कळलं होतं. अर्ज भाडेकरूच्या नावानं करावा लागे, सोबत राहणाऱ्या बायकोचं नाव जोडता येई. त्यानं सही केली. पेन परत देताना एवढंच म्हणाला, "जीव शांत होतो का बघ यानं."

झाला नाही. अर्ज दिल्यापासून तर ती पार बिथरली. डेपोतून येताना टपालपेटी बघायची, चहा पिऊन पुन्हा बघायची. सुट्टीच्या दिवशी टेपनं खोल्या मोजल्या. स्वयंपाकघराची ही भिंत पाडली तर केवढा उजेड येईल, अंगणात पत्रा टाकला तर शिवणयंत्र तिथे मांडता येईल का, असं जेवताना, अंघोळीला जाताना, कुठेही बोलत सुटायची. एका बसच्या सीटेला तिनं त्या धांदलीत खालचं कापड वर आणि वरचं खाली लावून शिवलं. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा तिला टाके उसवावे लागले.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. अर्ज नामंजूर.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती मंडळाच्या कचेरीत गेली. खिडकीमागच्या कारकुनानं तिचा कागद सावकाश वाचला, मग रजिस्टर काढलं, तेही सावकाश वाचलं.

"तुमचं घर सोयीच्या घरांच्या यादीत आहे, ताई. म्हाताऱ्या, अपंग माणसांसाठी ज्या घरांत बदल केलेत ती घरं मंडळ विकत नाही."

"सोय माझ्या सासूसाठी केली होती. त्या गेल्या."

"त्या गेल्या. सोय कुठे गेली? दारं रुंद आहेत, उतार आहे, दांड्या आहेत. अशी घरं एकदा विकली की संपली. उद्या कुणाला लागलं तर मंडळ देणार कुठून? म्हणून नियम."

"मग पंचवीस वर्षं आम्ही काय केलं या घरात?"

"भाडं भरलंत," कारकून म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, विचारलं ते त्यानं सांगितलं. मग तिचा चेहरा बघून त्यानं आवाज जरा खाली आणला. "आठ आठवड्यांत हरकत घेता येते. तपासनीस बाई घर बघायला येतात. घर आता तसं सोयीचं राहिलेलं नाही असं त्यांचं मत पडलं, तर यादीतून निघतं."

राहिलेलं नाही. एवढे दोन शब्द घेऊन ती घरी आली. हरकतीचा अर्ज तिथेच भरून दिला होता.

तिचा धाकटा दीर फरशी बसवायची कामं करायचा. रविवारी जेवायला आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं बोटं चाटता चाटता निकाल दिला.

"वहिनी, सोय आहे म्हणून विकत नाहीत ना? मग सोय ठेवायचीच नाही. दांड्या काढू, भोकं बुजवू. उतार फोडून पायरी करू. दोन रविवारचं काम."

"मंडळाच्या वस्तू आहेत त्या, भावजी."

"मंडळाला आठवण तरी आहे का? दोन वर्षांत कुणी पुसायला आलंय?"

दाभणनं नवऱ्याकडे बघितलं. तो ताट उचलून मोरीकडे गेला, ते विसळलं, पालथं घातलं आणि टोपी घालून बाहेर पडला. नाही म्हणाला नाही. हो तर मुळीच म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी त्याची जादा ड्युटी होती. दीर सकाळीच हत्यारांची पिशवी घेऊन आला. तो बाहेर उताराचं माप घेत होता, तोवर दाभणनं पाना घेऊन न्हाणीघरातली पहिली दांडी स्वतःच सोडवायला घेतली. या दांडीला सासू डाव्या हातानं धरायची आणि उजवा हात दाभणच्या खांद्यावर टाकायची. तिच्या अंगठीनं घासून स्टील एका जागी मंद झालं होतं. दाभण क्षणभर थांबली. मग हात आपोआप चालू झाला. स्क्रू गंजले होते, फिरताना कुरकुरत होते. तासाभरात सहाही दांड्या दाराबाहेर भिंतीशी रचल्या गेल्या.

जिन्यावरून घड्याळजी काका उतरले ते नेमके तेव्हाच.

ते त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. चौकात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं टपरीवजा दुकान. दीड वर्षापूर्वी त्यांच्या बायकोचं अर्धं अंग लुळं पडलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. काकू तेव्हापासून दवाखान्यापुरत्याच खाली आल्या होत्या, त्याही चार माणसांच्या हातांवर. तळमजल्याच्या सोयीच्या घरासाठी काकांचा मंडळाकडे अर्ज होता आणि यादीत त्यांचा नंबर चौथा होता. हे दाभणला ठाऊक होतं. पत्र आल्यापासून काका दारावरून गेले की ती चपला शोधायला खाली वाकायची.

काका दांड्यांपाशी थांबले. त्यांनी एक उचलून हातात तोलली. दाभण उत्तर तयार ठेवून उभी राहिली. आमचं घर आहे, आम्ही काहीही करू, असं काहीतरी.

"टाकून देणार आहेस का, सूनबाई?" काकांनी विचारलं. तिची सासू तिला तशी हाक मारायची, म्हणून काकाही मारायचे. "देणार असलीस तर दोन दे. न्हाणीघरात लावीन म्हणतो. हिला नुसत्या भिंतीचा आधार पुरत नाही."

तयार ठेवलेलं उत्तर दाभणच्या तोंडातच राहिलं. काका भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाला ती कधी मागे हटली नव्हती.

"सगळ्याच न्या," ती म्हणाली.

"काका, मी बसवून देतो की," दीर म्हणाला आणि दुपारपर्यंत त्यातल्या चार वर जाऊन बसवूनही आला. दाभण खाली भोकांत पुट्टी भरत होती. वाळल्यावर घासली, रंगाचा हात मारला. संध्याकाळी नवरा आला. न्हाणीघरात गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला. "साबण संपलाय," एवढंच बोलला.

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला दाभण डेपोतून येऊन पाय धूत होती. जिन्यात काकांची हाक ऐकू आली. आवाज असा होता, की ती ओल्या पायांनी तशीच वर धावली.

तळमजल्याच्या भिंती भरीव विटांच्या होत्या. वरच्या मजल्यांवर न्हाणीघराची भिंत पोकळ विटांची, हलकी. दिरानं त्याच स्क्रूंनी दांड्या बसवल्या होत्या. काकूंनी उठताना सगळा भार टाकला, तशी दांडी प्लॅस्टरच्या खपलीसकट हातात आली. काकू फरशीवर पडल्या होत्या. एक मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं.

नवरा ओले बूट घालून नुकताच ड्युटीवरून येत होता. त्यानं आणि काकांनी काकूंना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, चादरीनं बांधलं. खुर्चीची पाठ नवऱ्यानं धरली. पुढचे दोन पाय दाभणनं धरले आणि पाठमोरी, एकेक पायरी चाचपत, ती उतरू लागली. काका बाजूनं आधाराला. प्रत्येक वळणावर टेकायचं, दम घ्यायचा, पुन्हा उचलायचं. काकूंचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता.

"माझं वजन वाढलंय गं," काकू म्हणत होत्या. "बसून बसून वाढतं. माफ कर हां."

"तुम्ही गप्प बसा, काकू," दाभण म्हणाली. एवढं मऊ ती कुणाशी बोलली नव्हती.

दवाखान्याची गाडी यायला वेळ होता, म्हणून खुर्ची तिच्याच घरात आणली. उतारावरून वर, रुंद दारातून आत, कुठेही न अडकता खुर्ची सरळ आली. चौघांनाही ते दिसलं.

मनगटाला सहा आठवड्यांचं प्लॅस्टर झालं. दीर बातमी ऐकून आला, काकांच्या पाया पडला, दाभणसमोर डोकं धरून बसला. "वहिनी, भिंत ठोकून बघायला हवी होती मी. रोजचं काम आहे माझं." बोलायचं ते दाभणला स्वतःलाच होतं. उताराला मात्र तिनं त्याला हात लावू दिला नाही.

मंगळवारी तपासनीस बाई आल्या. चष्मा, जाडजूड फाइल, हातात टॉर्च. त्यांनी दारं मोजली, उतार बघितला, न्हाणीघरात भिंतीवरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

"इथे काही होतं?"

गंजून पडल्या, फेकून दिल्या, असं सांगायचं ठरलं होतं. पण लपवलेला टाका किती वाईट दिसतो, हे दाभणइतकं कुणाला ठाऊक असणार? भिंतींवरचे ते ताजे गोल तिला काकू पडल्यापासून दुरूनही दिसत होते.

"होतं. दांड्या होत्या. मी काढल्या."

"का?"

"घर विकत मिळावं म्हणून."

मग तिनं सगळंच सांगून टाकलं. काका, पोकळ भिंत, काकूंचं मनगट. बाई ऐकता ऐकता लिहीत होत्या.

"हे मला अहवालात घ्यावं लागेल."

"घ्या."

"तुमची हरकत टिकणार नाही. दांड्या तुमच्या खर्चानं परत बसवाव्या लागतील."

"बसवते."

बाईंनी फाइल मिटली. दाभण स्वयंपाकघरात गेली, पाणी न घेताच बाहेर आली, दारापर्यंत जाऊन परत आली.

"एक विचारू? तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे का हो तुमच्या सोयीच्या यादीत?"

"तिसरा मजला, बिनलिफ्टचा? ते कशाला असेल?"

"मग ते लोक खाली आले आणि आम्ही वर गेलो तर?"

बाईंनी चष्मा काढला. "अदलाबदल? करता येते. दोन्ही भाडेकरूंची लेखी संमती लागते."

"त्यांच्या आधी यादीत तिघं आहेत. ते ओरडणार नाहीत?"

"तुमचं घर रिकामं होत नाहीये, त्यामुळे ते रांगेतल्यांना द्यायला निघतच नाही. उलट रांगेतलं एक माणूस कमी होईल." मग बोट वर करून त्यांनी सांगितलं, "तुमची पंचवीस वर्षं तुमच्याबरोबर वर जातील, सवलत तीच राहील. पण नव्या घरात एक वर्ष काढल्याशिवाय खरेदीचा अर्ज घेत नाहीत. आणि योजना वर्षभर चालू राहील याची हमी मी देत नाही."

"कोण देईल?"

"कुणीच नाही."

नवरा आल्या आल्या तिनं त्याला हे सांगितलं, चहा ठेवायच्याही आधी. आणि ज्यानं पंचवीस वर्षांत आवाज चढवला नव्हता, त्यानं टोपी काढून टेबलावर आपटली.

"मला विचारलंस?"

"आता विचारतेय ना."

"विचारत नाहीयेस. सांगतेयस. आई या खिडकीशी बसायची. नाक्यावर गाडी वळली की आवाजावरून मला ओळखायची. तुला घर हवंय. मला हे घर हवंय. दोन्ही एक नाहीत."

अकरा घरांत कुठली खिडकी आपली होती, हे दाभणला आठवेना. नवऱ्यानं दोन दिवस चहा बाहेरच घेतला. पण त्याच दोन दिवसांत काकूंना दवाखान्यातून सोडलं आणि त्यांना परत वर न्यायला माणसं हवी होती. खुर्चीची पाठ पुन्हा त्यानंच धरली. खाली आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं कपाटाची उंची मोजली, मग जिन्यात जाऊन वळण मोजलं.

"कपाट अख्खं जाणार नाही," तो म्हणाला. "सुटं करावं लागेल. पाना कुठे ठेवलायस?"

काका मात्र ऐकेनात. "तुझ्या सासूबाईंचं घर ते. उपकाराचं ओझं उचलायचा जोर नाही राहिला आता माझ्यात."

"उपकार करायला मी काय वेडी आहे, काका?" दाभण उसळली. "खाली राहिले तर मला घर मिळत नाही. वर आले तर मिळतं. सरळ स्वार्थ आहे माझा. उपकार तुम्ही माझ्यावर करताय."

आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला. "अहो, हो म्हणा. ती खोटं बोलत नाही. आणि बोलत असली तरी मला खाली जायचंय."

महिन्याभरात परवानगी आली. एका रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत दोन्ही घरांचं सामान जिन्यात एकमेकांना भेटत होतं. दिरानं खालच्या भरीव भिंतीत दांड्या पुन्हा बसवल्या, वाकलेलीच्या जागी पदरचे पैसे घालून नवी आणली आणि प्रत्येकीला स्वतः लटकून बघितलं.

मग ते वर्ष सुरू झालं. दाभणच्या आयुष्यातली बारावी वास्तू आणि तीही अजून परक्याची. वर वारा जास्त होता, दारं आपटायची, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढताना भिंत गुरगुरायची. ती या खिडकीतून त्या खिडकीत फिरत राहायची. कामावरून आली की पाय खालच्या दाराशीच थांबायचे. एकदा तर तिनं त्या कुलपात किल्ली घातली. "ये गं," आतून काकू म्हणाल्या, "उघडंच आहे." काकू दाराशी खुर्ची घेऊन बसायला लागल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून बोलायच्या, सगळ्या इमारतीच्या बातम्या त्यांच्याकडे असायच्या. त्यातलीच एक आठव्या महिन्यात त्यांनी दिली. योजना बंद होणार म्हणतात.

दाभणनं आठवड्यातून दोनदा कचेरी गाठायला सुरुवात केली. "ताई," कारकून शेवटी म्हणाला, "तुम्ही येऊन विचारलंत म्हणून योजना जास्त दिवस चालत नाही."

"आणि नाही विचारलं म्हणून?"

"तरीही नाही."

"मग विचारते."

वर्ष भरलं त्या सकाळी कचेरी उघडायच्या आधी ती पायरीवर उभी होती. कारकुनानं कागद बघितले आणि मान हलवली. वर्ष सामान हलवल्यापासून नाही, घराचा ताबा मंडळाच्या वहीत चढल्यापासून मोजायचं. वहीत चढायला नऊ दिवस लागले होते. नऊ दिवसांनी या. ते नऊ दिवस तिनं कसे काढले ते तिच्या नवऱ्यालाच माहीत. तो घरी कमी आणि टँकरवर जास्त असायचा. दहाव्या दिवशी अर्ज घेतला गेला. त्यानंतर सात आठवड्यांनी योजना खरोखरच बंद झाली, पण आत आलेले अर्ज मंडळानं पुरे केले.

करारावर सह्या करताना अधिकाऱ्यानं अटी वाचून दाखवल्या. आतली दुरुस्ती तुमची. छपराच्या खर्चात वाटा तुमचा. पाच वर्षं विकायचं नाही.

"पाच वर्षं विकायचं नाही, हे चांगलं आहे," नवरा म्हणाला. "ते मलाही लागू होतं का, तेवढं विचारून घ्या हिला."

अधिकारी हसला. दाभणनं सही केली, नवऱ्याच्या नावाखाली तिचं नाव, दोन्ही मालकांच्या रकान्यात. घरी येऊन ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. छातीतलं काहीतरी आता खाली बसेल, असं तिला वाटत होतं. तिनं वाट बघितली. मग भांडी घासायला घेतली. महिन्याभरात न्हाणीघरातला नळ तुटला. सवयीनं तिनं मंडळाला फोन लावला, तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, घर तुमचं, तर नळही तुमचाच." नवरा किती तरी वेळ हसत होता.

दीड वर्ष गेलं असेल. नवरा निवृत्तीला आला होता. दाभणच्या लक्षात आलं, की जिना चढताना तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वाकतो, बुटाची नाडी बांधल्यासारखं करतो आणि मग वर येतो. तीन-चार दिवस तिनं ते बघितलं. पाचव्या दिवशी तिला कळलं, की त्याच्या बुटांना नाड्या नाहीत.

"गुडघा आहे का हो?"

"कसला गुडघा? जरा उभा राहिलो."

डॉक्टरनं गुडघाच सांगितला, दोन्ही. झीज आहे, वाढत जाईल, जिने टाळा. दुसऱ्याच दिवशी ती कचेरीत गेली. कारकुनानं तिला बघून खुर्ची मागे सरकवली. पुढेमागे तळमजल्याचं सोयीचं घर लागलं तर अर्ज करता येतो का, तिनं विचारलं.

"भाडेकरू असता तर आला असता, ताई. मालकाला मंडळ घर देत नाही. त्याला घर आहे, असं धरतात."

"विकून खालचं कुठे घेतलं तर?"

"साडेतीन वर्षं थांबावं लागेल."

संध्याकाळी ती भाजी घेऊन परतली तेव्हा नवरा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसलेला होता, टोपी मांडीवर, हातात डब्याची पिशवी. आता नाडीचं निमित्तही त्यानं सोडलं होतं. ती त्याला ओलांडून दोन पायऱ्या वर गेली, वळली आणि कारकून काय म्हणाला ते तिथूनच सांगितलं.

"साडेतीन वर्षं काय, टिकेल गुडघा," तो म्हणाला.

"आणि नाही टिकला तर?"

"तर खुर्चीची पुढची बाजू तू धर. तुला पाठमोरं उतरता येतं."

त्याला हसू आलं. तिला आलं नाही. जिभेवर काहीतरी टोचणारं आलं होतं, ते तिनं गिळलं. त्याच्या हातातली पिशवीही घेतली आणि भराभर वर गेली. भाजी टोपलीत टाकली, चहाला पाणी ठेवलं, गॅस बारीक केला, बाहेर येऊन कठड्यावरून खाली वाकून बघितलं. आत गेली. पुन्हा बाहेर आली. तो उठला होता. एक पायरी चढल्याचा आवाज आला, मग थांबला. तिनं दार सताड उघडं ठेवलं आणि पुढच्या पायरीची वाट बघत ती आत-बाहेर करत राहिली.